काळी चारमध्ये गाणारी गाडी

माझ्यासमोर भल्याभल्या माणसांनी तोंडाने चित्रविचित्र आवाज काढलेले आहेत. एका शाळेचे मुख्याध्यापक भर दुपारी माझ्या गॅरेजात उभे राहून "घुर्रर्र, खट, घुर्रर्र, खट" करत होते आणि त्यांची बायको शेजारी उभी राहून "अहो, खट नाही, खटक," अशी दुरुस्ती करत होती. एका वकिलांनी कबुतरासारखं घुमून दाखवलं होतं. त्यांचाही नाइलाज असतो. दुखणं माणसाचं असेल तर तो बोट ठेवून सांगतो, इथे दुखतंय. गाडीवाल्याला नुसता आवाज येतो, आणि तो आमच्यापर्यंत पोचवायला त्याच्याकडे तोंडाशिवाय दुसरं साधन नसतं. त्यात गाडीचा स्वभाव असा, की गॅरेजच्या दारात आली की ती गप्प बसते आणि मालक खोटा पडतो.

माजिवड्याला, हायवेपासून जरा आत, माझं गॅरेज होतं. आता ते गणपत बघतो. गणपत माझा वीस वर्षांपासूनचा जोडीदार. हाताने सोनं आणि तोंडाने फटकळ. पण आवाज ओळखणं हे खातं माझं होतं. लोक मला 'कानवाले मिस्त्री' म्हणायचे आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

हे नाव पडलं एका नारळामुळे. एका बिल्डरची मोठी नवी गाडी होती. ब्रेक मारला की मागून 'गडगड-ठप' असा आवाज यायचा. दोन ठिकाणी त्याची सगळी मागची बाजू खोलून झाली होती. मी त्याच्याबरोबर पहिल्या सिग्नलपर्यंत गेलो आणि म्हणालो, "साहेब, तुमच्या सीटखाली काहीतरी गोल आहे आणि ते पोकळ आहे." हात घातला तर नारळ निघाला. गाडीच्या पूजेचा. भटजींनी गाडीत ठेवा म्हणून सांगितलेलं, यांनी ठेवला, आणि तो दीड वर्ष गाडीत फिरत होता. बिल्डरने तो तिथेच फोडला. आत खोबऱ्याचा गोटा सुकून सुटा झाला होता. सगळ्या गॅरेजला प्रसाद मिळाला आणि मला नाव मिळालं.

नाव मिळालं की माणूस पाटी लावतो. मीही लावली. रंगाऱ्याकडून भिंतीवर ठसठशीत लिहून घेतलं: 'आवाज आम्ही ऐकू. तुम्ही फक्त किल्ली द्या.' गिऱ्हाइकाने तोंड उघडलं की मी पाटीकडे बोट करायचो. मी आधी गाडी चालवणार, मी ऐकणार, मग मी सांगणार. लोकांना ते फार आवडायचं. मला तर त्याहून जास्त.

त्या काळात माझं सगळं छान चाललं होतं. माझी स्वतःची एक जुनी डिझेल गाडी होती, मागच्या चाकांवर जोर असलेली. कल्याणहून कोनगाव, मग बायपास, मग माजिवडा असा रोजचा रस्ता. मी गल्लीच्या कोपऱ्यावर वळायच्या आत नाना चहावाला माझा ग्लास भरून काउंटरवर ठेवायचा. मी उतरलो की चहा हजर. मला वाटायचं, केवढा हा मान. आणि आमची ही, म्हणजे शैला, गाडीत बसली की घर येईपर्यंत अवाक्षर बोलायची नाही. मित्रांना मी अभिमानाने सांगायचो, गाडीत नवरा-बायकोचं भांडण कसं असतं ते आम्हाला ठाऊकच नाही.

फक्त एक गोष्ट खटकायची. ठाण्यातले लोक हळूहळू पुटपुटायला लागले होते. टेलिफोनवर तर कुणी धड बोलेच ना. मी गणपतला म्हणायचो, "आजकाल माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात." तो काहीतरी उत्तर द्यायचा, तेही तोंडातल्या तोंडात.

अशात एक दिवस लेले बाई आल्या.

लेले बाई डोंबिवलीला गाणं शिकवतात. साठीच्या, ठेंगण्या, काठाची सुती साडी, आवाज एकदम स्वच्छ. बरोबर यजमान, लेले साहेब. त्यांनी एक मोठी गाडी जुनी विकत घेतलेली, कारण बाईंच्या कार्यक्रमाला दोन तानपुरे, पेटी, तबला आणि चार शिष्या एका वेळी जायच्या. गाडी लेले साहेब चालवायचे आणि बाई मागे बसायच्या, तानपुरे धरून.

"मिस्त्री, गाडी चालायला लागली की मागून एक स्वर—" बाईंनी सुरुवात केली. मी पाटीकडे बोट केलं.

त्यांनी पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली दिली.

मी हायवेवर एक चक्कर मारली. गाडी मला छान वाटली. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. पण गिऱ्हाईक डोंबिवलीहून आलेलं, आणि कानवाल्या मिस्त्रीने परत येऊन 'काही नाही' म्हणायचं म्हणजे कठीणच. मी उतरलो, टायरवर हात फिरवला आणि म्हणालो, "टायर एका बाजूने खाल्लेत. त्याचा आवाज आहे." टायर खरोखरच थोडे खाल्लेले होते. जुन्या गाडीचे असतातच. पुढचे मागे, मागचे पुढे केले आणि गाडी दिली.

आठवड्याने बाई परत आल्या. "टायरची जागा बदलली, स्वराची नाही," म्हणाल्या. मी पुन्हा चक्कर मारली, पुन्हा काही ऐकलं नाही, आणि आता जास्त आत्मविश्वासाने म्हणालो, "मागच्या चाकाचं बेअरिंग." दोन्ही बाजूंची बेअरिंग बदलली. काढलेली जुनी बेअरिंग गणपतने हातात फिरवून बघितली आणि माझ्याकडे बघितलं. ती चांगली होती. तो त्या वेळी काही बोलला नाही, किंवा बोलला असेल.

तिसऱ्या वेळी बाई आल्या तेव्हा लेले साहेबांनीच मला बाजूला घेतलं. "हे पाहा, मला स्वतःला काही विशेष ऐकू येत नाही. हिला जरा सवय आहे, पंखा लावला तरी तो कोणत्या पट्टीत आहे ते सांगते. तुम्हीच एकदा समजावून सांगा. तुमच्या शब्दाला वजन आहे."

इथे मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मला ऐकू येत नव्हतं, त्यांच्या यजमानांना येत नव्हतं, म्हणजे दोन पुरुषांचं एकमत झालं. मी बाईंसमोर गेलो आणि समजुतीच्या सुरात म्हणालो, "बाई, आवाज गाडीत नाहीये. आता वयाप्रमाणे कानात असं गुणगुणल्यासारखं होतं कधीकधी. एकदा डॉक्टरला दाखवून घ्या."

बाई रागावल्या नाहीत. "बरं, दाखवते," एवढंच म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

चार दिवसांनी त्या एकट्याच आल्या, रिक्षाने. पर्समधून एक कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर आलेख होता, दोन रेषा, एक लाल आणि एक निळी.

"मी दाखवून आले. माझ्या वयाला इतके चांगले कान डॉक्टरांनी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते, असं ते म्हणाले. गाडी उद्या घेऊन येते. उद्या चालवायची तुम्ही, पण ऐकायचं मी. चालेल?"

गॅरेजात सगळ्यांचे हात थांबले होते. गणपत गाडीखाली होता, तो सरकत बाहेर आला, खास ऐकायला. मी म्हणालो, "चालेल." दुसरं काय म्हणणार?

रात्रभर मी तळमळत होतो. गाडी बिघडलेली नाही याची मला खात्री नव्हती, एवढंच नाही. ती बिघडली असेल तर मला ते कळणारच नाही याची आता खात्री वाटायला लागली होती. माझ्याकडे दुसरी कसली विद्या नव्हती. शिक्षण दहावी नापास. कान गेला तर 'कानवाले मिस्त्री' या नावातला मिस्त्री किती उरतो, तेच मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नाशिकच्या दिशेला निघालो. मी चालवत होतो, बाई शेजारी, लेले साहेब मागे तानपुऱ्यांच्या जागी. बाईंनी मोबाइलवर तानपुऱ्याचा आवाज लावला आणि कानाजवळ धरला.

"चाळीसवर ठेवा," त्या म्हणाल्या. मी ठेवली.

"हा माझा षड्ज. पट्टी काळी चार. आता साठ करा." मी साठ केली. "हा पंचम. अगदी शुद्ध लागलाय. आता ऐंशी." मी ऐंशी केली. "आणि हा वरचा सा. बघा, गाडी सुरात आहे हो, पण मी गुणगुणायला लागले की ही दुसरंच काही धरून बसते."

मागून लेले साहेब म्हणाले, "मला काही—"

"तुम्हाला लग्नातली सनईसुद्धा ऐकू आली नव्हती," बाई म्हणाल्या.

मी मात्र जागा झालो. मला ऐकू येत नव्हतं, पण बाई जे सांगत होत्या ते मला कळत होतं. वेग दीडपट झाला की स्वर दीडपट चढतो, दुप्पट झाला की दुप्पट. म्हणजे आवाज चाकांच्या फिरण्याला बांधलेला आहे. मी त्याच वेगाला गिअर बदलला. इंजिन जास्त ओरडायला लागलं.

"आता स्वर बदलला?"

"नाही. तोच."

म्हणजे इंजिन नाही. काँक्रीटचा रस्ता संपून डांबरी लागला. "आता?" "तोच." म्हणजे टायर नाही, आणि मी पहिल्या वेळी खोटं बोललो होतो. मी मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवी नागमोडी घेतली. "आता?" "तोच." चाकाचं बेअरिंग असतं तर एका बाजूला भार आला की आवाज वाढला असता. म्हणजे दुसऱ्या वेळीही खोटं बोललो होतो. मग मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला.

"थांबला," बाई म्हणाल्या. मी पाय दाबला. "आला. हां, आता जोरात." काढला. "थांबला."

मी गाडी कडेला घेतली. हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले आणि म्हणालो, "बाई, मागचं डिफरन्शिअल आहे. क्राऊन आणि पिनियन. तुमचं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. आणि मला ऐकू येत नाही."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. मागे लेले साहेब होते, पण आता लाज धरून काय करायचं?

"मला दुसऱ्या खेपेलाच कळलं होतं," बाई म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या गॅरेजात सात माणसं होती. शिष्याचा स्वर लागत नसेल तर मी चारचौघांत सांगत नाही, मिस्त्री. एकटा सापडला की सांगते." मग मागे वळून, "हे चारचौघांत धरायचे नाहीत," म्हणाल्या.

आता डिफरन्शिअल म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर वाचणारे म्हणतील मिस्त्री पुन्हा पाटीकडे बोट करतोय. शाळेत लेझीम खेळत रांग वळते तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्याला धावावं लागतं. गाडी वळतानाही बाहेरचं चाक जास्त धावतं, आतलं कमी. दोघांना एकाच दांड्याला घट्ट बांधलं तर ती भांडतील. म्हणून मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्यासारखा एक लोखंडी गोळा असतो, आणि त्यातली दातेरी चाकं हे भांडण मिटवतात. इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक असतं, ते क्राऊन नावाच्या मोठ्या चाकाला फिरवतं. दोघांचे दात एकमेकांत नेमके बसले पाहिजेत. केसाएवढे आत किंवा बाहेर झाले की गाडी रडायला लागते.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तानपुऱ्यासारखा तुमच्याकडेही आवाज भोपळ्यातूनच येतो."

गाडी गॅरेजात घेतली आणि भोपळा उघडला. तेलात जरीसारखी चमक होती, म्हणजे लोखंड झिजून उतरत होतं. पिनियनचं बेअरिंग खराब झालेलं होतं. आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी ते बदललं होतं आणि बसवताना एक पातळ चकती घालायची विसरला होता. तेव्हापासून पिनियन हवं तिथे बसलं नव्हतं. दात अजून वाचले होते. आणखी काही महिने तसंच चाललं असतं तर एखाद्या घाटात, मागे चार मुली आणि दोन तानपुरे असताना, ते जाम झालं असतं. मी बाईंना 'कानात गुणगुणतं' म्हणून घरी पाठवलं होतं, ते आठवून मी पाना खाली ठेवला. गणपतने माझा चेहरा बघितला असावा, कारण तो मोठ्याने म्हणाला, "दादा, आता रडत बसू नका. शेंदूर आणा."

आमच्या धंद्यात दात नीट बसतात का ते बघायला शेंदूर लागतो. तेलात कालवून क्राऊनच्या दातांना लावायचा आणि हाताने चाक फिरवायचं. जिथे पिनियन टेकतं तिथला शेंदूर पुसला जातो आणि खूण उमटते. खूण दाताच्या मध्यावर आली पाहिजे. टोकाला आली तर चकती कमी-जास्त करायची आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. बाजारात यासाठी निळं मलम मिळतं, पण मी उस्तादांकडे शेंदरावर शिकलो, त्यामुळे मी तो पूजेच्या दुकानातूनच आणायचो. दुकानदाराला वाटायचं, मी मारुतीचा मोठा भक्त आहे.

आमचं तिसऱ्यांदा जुळवणं चाललेलं असताना लेले साहेब गाडीची चौकशी करायला आले. त्यांनी बघितलं: टेबलावर शेंदूर फासलेलं एक गोल चाक, त्याच्यासमोर मी आणि गणपत वाकून, निःशब्द. साहेबांनी चपला दारात काढल्या, आत आले, हात जोडले आणि हळूच विचारलं, "मी नारळ आणायला हवा होता का?"

गणपत म्हणाला, "आणा की साहेब. मागच्या वेळच्या नारळाने मिस्त्रींना नाव दिलं, या वेळच्याने ते टिकवलं म्हणजे झालं." साहेब खरोखर नारळ घेऊन आले. फोडायलाच लागला. खूण चौथ्या वेळी बरोबर मध्यावर आली, ती नारळाच्या आधी की नंतर, यावर गणपत आणि साहेब यांचं अजून एकमत नाही.

दोन दिवसांनी पुन्हा चक्कर मारली. मी चालवत होतो, बाई शेजारी. चाळीस, साठ, ऐंशी. मला गाडी दुरुस्तीच्या आधी जेवढी शांत वाटली होती तेवढीच नंतरही वाटली. चाळीस वर्षं घालवलेल्या धंद्यात माझ्या हातचं काम झालं की नाही, हे मी दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून ठरवत होतो. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. मग त्यांनी सावकाश एक आलाप सुरू केला आणि माजिवडा येईपर्यंत थांबवला नाही. तो मला नीट ऐकू आला.

उतरताना त्यांनी पर्समधून एक चिठ्ठी काढून दिली. त्यांनी कान दाखवले त्या डॉक्टरांचा पत्ता होता.

मी गेलो. बरोबर शैला होती. डॉक्टरांनी माझ्याही आलेखाच्या दोन रेषा काढल्या आणि त्या घसरगुंडीसारख्या खाली गेल्या. ते म्हणाले, हातोड्याचा दणका तुम्हाला ऐकू येईल, पण गोंगाटातून बारीक सूर वेगळा काढायचा तर आता यंत्र लागेल. दोन्ही कानांना यंत्रं बसली. बाहेर पडल्यावर कळलं की ठाण्यातली माणसं अजिबात पुटपुटत नाहीत.

आम्ही गाडीत बसलो, माझ्या गाडीत, आणि मी गॅरेजकडे निघालो. चाळीसचा वेग आला आणि मागून गाय हंबरल्यासारखा आवाज यायला लागला. मी आरशात पाहिलं, ट्रक नव्हता. पाय काढला, थांबला. दाबला, आला.

"हे काय आहे?" मी शैलाला विचारलं.

"कुठे काय?"

"हा आवाज!"

"हा होय. हा तीन वर्षं येतोय. त्याच्यावर ओरडून बोलून माझा घसा बसायचा, म्हणून मी गाडीत बोलायचंच सोडलं."

"अगं, मग सांगायचंस ना मला."

"पाटी तुम्हीच लावलेली," ती म्हणाली.

गॅरेजात पोचलो. गणपतला विचारलं, तर तो म्हणाला, "दादा, मी किती वेळा सांगितलं. तुम्ही म्हणायचात, तोंडातल्या तोंडात बोलू नको."

त्या आठवड्यात मी भिंतीवरची पाटी पुसून घेतली. नवी लिहिली: 'आवाज कसा येतो ते सावकाश सांगा.' गॅरेज गणपतकडे देईपर्यंत ती होती, अजून आहे. अवघड आवाज असला की आम्ही डोंबिवलीला फोन लावायचो आणि फोन गाडीत धरायचो. पलीकडून बाई पट्टी सांगायच्या.

मग माझी गाडी दुरुस्तीला घेतली. भोपळा उघडला, शेंदूर लावला, खूण मध्यावर आणली. या वेळी बसवल्यावर चक्कर मी एकट्यानेच मारली, कारण आता मला ऐकू येत होतं. काही नव्हतं. रस्त्याची सळसळ तेवढी होती. मी गाडीत एकटाच हसलो.

दुसऱ्या दिवशी कल्याणहून आलो, कोपऱ्यावर वळलो, गाडी लावली आणि उतरलो. काउंटर रिकामा होता. नाना पाठमोरा भांडी विसळत होता. मी हाक मारली तेव्हा तो दचकून वळला.

"दादा, कधी आलात? आज कळलंच नाही," तो म्हणाला. "थांबा, टाकतो."

एवढी वर्षं ज्याला मी मान समजत होतो, तो माझ्या गाडीचा हंबरडा होता. मी बाकावर बसलो आणि चहा उकळायची वाट बघत राहिलो.